एका साच्यातून शेकडो डेस्कटॉप

आभासी डेस्कटॉप म्हणजे कर्मचाऱ्याच्या पडद्यावर दिसणारा, पण त्याच्या टेबलावर नसलेला संगणक. विंडोज, एक्सेल, टॅली, ब्राउझर हे सारे दूरच्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर चालते. टेबलावरच्या यंत्राकडे फक्त चित्र येते आणि कळफलकाच्या व माऊसच्या हालचाली तिथून परत जातात. सर्व्हरवर हायपरव्हायझर नावाचे सॉफ्टवेअर बसवले, की एकाच लोखंडी पेटीत असे कितीतरी संगणक एकमेकांपासून अलग राहून चालू शकतात. समोर जुना लॅपटॉप असला काय, हार्डडिस्क नसलेला छोटा थिन क्लायंट असला काय, काम तेवढ्याच वेगाने होते आणि संस्थेची माहिती डेटा सेंटरच्या बाहेर पडत नाही.

मोठ्या संस्थेला असे संगणक एकेक करून घडवणे परवडत नाही. म्हणून एका साच्यातून काढलेल्या, एकाच नियमावलीवर चालणाऱ्या आणि ठरावीक गटाला वापरायला दिलेल्या यंत्रांचा एक संच करतात. त्यालाच पूल म्हणतात. ओम्निसा होरायझनमध्ये त्याचे नाव डेस्कटॉप पूल आहे आणि मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर व्हर्च्युअल डेस्कटॉपमध्ये होस्ट पूल. सिट्रिक्स हेच काम दोन भागांत विभागते: यंत्रे कशी घडवायची हे मशीन कॅटलॉगमध्ये ठरते, ती कोणाला द्यायची हे डिलिव्हरी ग्रुपमध्ये. नावे वेगळी असली तरी प्रश्न तेच असतात. यंत्र कोणाचे, त्यात काय भरायचे, किती यंत्रे ठेवायची, आणि काम संपल्यावर काय जपायचे व काय पुसून टाकायचे? यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर नीट न ठरवता उभारलेला पूल वापरणाऱ्यांना रोज सकाळी छळतो.

या तंत्राची मुळे जुनी आहेत. आयबीएम सोडून आलेल्या एड याकोबुची यांनी १९८९मध्ये सिट्रिक्स स्थापन केली आणि एका संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची सोय मायक्रोसॉफ्टच्या जगात आणली. १९९८मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी ४.०ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती काढली. तिच्यात सर्वांचा सर्व्हर एकच होता आणि प्रत्येकाला मिळे ते फक्त स्वतःचे सत्र. प्रत्येकाला स्वतंत्र आभासी यंत्र देण्याची कल्पना २००६च्या सुमारास व्हीएमवेअरने पुढे रेटली. २००८मध्ये सिट्रिक्सचे झेनडेस्कटॉप आणि व्हीएमवेअरचे व्ह्यू ३ आले. व्ह्यू ३मध्ये एका मूळ डिस्कवर अनेक यंत्रे उभी करण्याची सोय होती, आणि तिथून पूल खऱ्या अर्थाने परवडू लागले. मायक्रोसॉफ्टची क्लाउडमधली डेस्कटॉप सेवा सप्टेंबर २०१९मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तिला सहा महिने होतात न होतात तोच मार्च २०२०ची टाळेबंदी आली आणि हिंजवडीपासून बंगळुरूपर्यंतच्या कंपन्यांना हजारो लोकांसाठी घरबसल्या डेस्कटॉप उभे करावे लागले. व्हीएमवेअर ब्रॉडकॉमकडे गेल्यावर होरायझन बनवणारा तिचा डेस्कटॉप विभाग वेगळा काढून विकला गेला. २०२४पासून तो ओम्निसा या नावाने काम करतो.

पूल उभारण्याचे काम सॉफ्टवेअरच्या खिडकीत सुरू होत नाही. ते सुरू होते माणसांच्या यादीपासून. कोण किती वाजता येतो, किती वेळ बसतो, कोणते प्रोग्राम उघडतो, यंत्रात स्वतःहून काही बसवण्याची त्याला गरज आहे का, हे आधी कळायला हवे. विभागप्रमुखांना विचारून केलेली यादी बहुतेक वेळा अपुरी निघते, कारण हाताखालचा माणूस प्रत्यक्षात काय उघडतो हे वरच्यांना ठाऊक नसते. दोनतीन आठवडे सध्याच्या संगणकांवर मोजमाप करणारे सॉफ्टवेअर चालवले, तर प्रोसेसर, मेमरी आणि प्रोग्राम यांची खरी नोंद हाती येते. मार्चअखेर आणि महिन्याचा पगार निघण्याचे दिवस त्यात सापडले तर फारच चांगले. लेखा विभागाचा खरा भार तेव्हाच दिसतो.

या नोंदींवरून पहिला निर्णय घ्यायचा: यंत्र नेमून द्यायचे की फिरते ठेवायचे. शहरातल्या एखाद्या अभ्यासिकेत काही टेबले महिन्याभरासाठी एकाच विद्यार्थ्याच्या नावे असतात आणि बाकीच्यांवर जो येईल तो बसतो. तसेच हे आहे. नेमून दिलेल्या पूलमध्ये कर्मचाऱ्याला पहिल्या लॉगिनला जे यंत्र मिळते तेच कायम मिळते. त्याने बसवलेली साधने, बदललेल्या सेटिंग, डेस्कटॉपवरच्या फाइली जिथल्या तिथे राहतात. फिरत्या पूलमध्ये मोकळे असेल ते यंत्र मिळते आणि बाहेर पडताच ते पुसून पुन्हा मूळ अवस्थेत आणले जाते. सॉफ्टवेअर लिहिणारे, डेटाबेस सांभाळणारे, यंत्रावर प्रशासकाचे हक्क लागणारे लोक पहिल्या प्रकारात बसतात. ग्राहकसेवा केंद्र, बँकेचा काउंटर, महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा, रुग्णालयाचा नोंदणी कक्ष यांना दुसरा प्रकार शोभतो.

सगळ्यांनाच नेमून दिलेले यंत्र द्यावे, म्हणजे तक्रारी येणार नाहीत, असे अनेक व्यवस्थापकांना वाटते. हा मोह टाळावा. नेमून दिलेली यंत्रे वर्षभरात एकमेकांपासून वेगळी होत जातात. एकात जुना ब्राउझर राहतो, दुसऱ्यात कोणीतरी बसवलेले भलतेच टूलबार असते, तिसऱ्याचे अपडेट अर्धवट अडकलेले असते. शेकडो संगणक शेकडो तऱ्हांनी सांभाळण्याची जुनी डोकेदुखी मग टेबलावरून उठून डेटा सेंटरमध्ये जाऊन बसते, आणि डेटा सेंटरमधली जागा टेबलापेक्षा कितीतरी महाग असते. हा निर्णय आधी घ्यायचा तो यासाठीच, की तयार झालेल्या पूलचा हा प्रकार सहसा मागाहून बदलता येत नाही. नवा पूल बांधून लोकांना तिकडे हलवावे लागते.

दुसरा निर्णय एका यंत्रात एक माणूस की अनेक. स्वतंत्र यंत्रात एकाचा अडकलेला प्रोग्राम दुसऱ्याला त्रास देत नाही. सामायिक यंत्रात विंडोज एकदाच चालू असते आणि त्यात दहा, वीस, तीस सत्रे असतात. खर्च पुष्कळ कमी होतो. अझ्युरमध्ये यासाठी विंडोज १० आणि ११ एंटरप्राइजची खास बहुसत्र आवृत्ती मिळते. मायक्रोसॉफ्टचा ढोबळ हिशेब असा आहे: हलके काम करणारे सहा जण एका आभासी प्रोसेसरवर चालतात, मध्यम काम करणारे चार, जड काम करणारे दोन आणि अतिजड काम करणारा एकच. म्हणजे आठ आभासी प्रोसेसरच्या यंत्रावर मध्यम काम करणारे ३२ जण बसू शकतात. प्रत्यक्षात ब्राउझरच्या पंचवीस टॅब उघडून बसणारा माणूस मेमरी इतकी खातो, की हा आकडा चाचणीशिवाय मान्य करू नये. आराखडे काढणाऱ्यांसाठी ग्राफिक्स कार्ड असलेला वेगळा छोटा पूल करतात. त्यांना सर्वसामान्य पूलमध्ये कोंबणे दोन्ही बाजूंना महागात पडते.

यानंतर मूळ प्रत घडवायची. जाणकार तिला गोल्डन इमेज म्हणतात. एक कोरे आभासी यंत्र घ्यायचे, त्यात विंडोज बसवायचे, सर्व अपडेट टाकायचे, मग सर्वांना लागणारे प्रोग्राम, आणि शेवटी पूलशी बोलणारा एजंट. व्हीएमवेअरच्या काळात हा क्रम पाळण्यावर फार भर असे, कारण एजंट चुकीच्या टप्प्यावर बसवला तर ध्वनी, प्रिंटर किंवा पडद्याचे ड्रायव्हर बिघडत. त्यानंतर यंत्र हलके करायचे: पार्श्वभूमीला चालणाऱ्या नको त्या सेवा बंद, स्टोअरमधले खेळ बाहेर, पडद्यावरचे सजावटीचे हालते परिणाम कमी, सॉफ्टवेअरची स्वयंचलित अपडेट बंद. एका संगणकावर नगण्य वाटणारी सेवा तीनशे प्रतींत तीनशे वेळा चालते, हे ध्यानात ठेवले की काय काढायचे ते आपोआप कळते. शेवटी यंत्र बंद करून त्याचा स्नॅपशॉट घेतात, म्हणजे त्या क्षणाची अवस्था गोठवून ठेवतात. पूलमधले प्रत्येक यंत्र त्या गोठलेल्या अवस्थेतून जन्माला येते.

महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत मूळ प्रत घडवताना एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे मराठी. बहुतेकांना इनस्क्रिप्ट कळफलक हवा असतो, काहींना उच्चारानुसार टंकन करायचे असते, आणि जुन्या कागदपत्रांचे ढीग अजूनही श्री-लिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये पडून असतात. फाँट मूळ प्रतीत नसेल, तर दहा वर्षांपूर्वीचा ठराव उघडताच पडद्यावर चिन्हांची खिचडी दिसते. कर्मचाऱ्याने तो फाँट आज हाताने बसवला, तरी फिरत्या यंत्रातून तो बाहेर पडताच पुसला जातो, आणि उद्या पुन्हा तीच खिचडी. कळफलकाची निवड मूळ प्रतीच्या मूलभूत सेटिंगमध्ये नसेल तर भाषेचेही तेच होते. मराठीतून काम करणाऱ्या दोघातिघांना चाचणीच्या गटात सुरुवातीपासून घेतले, तर ही उणीव पहिल्याच दिवशी उघड होते.

मूळ प्रतीपासून यंत्रे काढण्याच्या तीन पद्धती आहेत. पूर्ण प्रत म्हणजे सबंध डिस्कची नक्कल. सोपी, भरवशाची, पण जागाखाऊ. जोडप्रतीमध्ये सर्व यंत्रे एकच मूळ डिस्क वाचतात आणि प्रत्येकाचे बदल तेवढे स्वतःच्या छोट्या डिस्कवर लिहिले जातात. समजा मूळ प्रत ८० जीबीची आहे आणि यंत्रे २४० हवीत. पूर्ण प्रतींना १९ टीबीहून अधिक जागा लागेल. जोडप्रतींत प्रत्येक यंत्राने दिवसभरात ६ जीबी बदल केले, तरी दीड टीबीत काम भागते. तिसरी पद्धत व्हीएमवेअरने २०१६मध्ये होरायझन ७सोबत आणली. तिच्यात चालू असलेल्या यंत्राच्या मेमरीसकट नक्कल निघते, त्यामुळे नवे यंत्र सुरू होण्यासाठी थांबावे लागत नाही. काही सेकंदांत ते लॉगिनला तयार असते. माणूस बाहेर पडला, की ते यंत्र नष्ट होते आणि त्याच नावाचे नवे उगवते. होरायझनमधून पुढे जुन्या जोडप्रती काढून टाकण्यात आल्या. सिट्रिक्सकडे आणखी एक रस्ता आहे: यंत्र स्थानिक डिस्कऐवजी नेटवर्कवरून येणाऱ्या प्रवाहातूनच सुरू होते.

यंत्रांना नावे देण्याचा साचा पूलच्या रचनेतच ठरवून द्यावा लागतो. विंडोजच्या जुन्या नियमाप्रमाणे नाव १५ अक्षरांपेक्षा लांब चालत नाही, म्हणून ठिकाण, विभाग आणि क्रमांक अशी आखूड मांडणी करतात. याला लागूनच एक फसवा खड्डा आहे. फिरत्या पूलमधली यंत्रे सतत नष्ट होतात आणि जन्मतात. प्रत्येक नवे यंत्र डीएचसीपी सर्व्हरकडे आयपी पत्ता मागते. विंडोजचा डीएचसीपी सर्व्हर दिलेला पत्ता एरवी ८ दिवस राखून ठेवतो. साध्या उपजाळ्यात वापरता येण्याजोगे पत्ते २५४ असतात. नवे यंत्र नव्या ओळखीने पत्ता मागत असेल तर जुन्याचा पत्ता अडकून राहतो आणि सोमवारी सुरळीत चाललेल्या पूलमधली यंत्रे बुधवारी नेटवर्कविना उभी राहतात. पूलमध्ये दोष शोधत तंत्रज्ञ हैराण होतात, आणि दोष असतो शेजारच्या सर्व्हरच्या एका सेटिंगमध्ये. पत्त्याची मुदत काही तासांवर आणणे आणि उपजाळे मोठे घेणे एवढाच त्यावर उपाय आहे.

फिरते यंत्र पुसले जाणार असेल, तर माणसाच्या वस्तू कुठे ठेवायच्या? वॉलपेपर, ब्राउझरचे बुकमार्क, आउटलुकची सही, वर्डमधला स्वतःचा शब्दकोश या सगळ्याला मिळून प्रोफाइल म्हणतात. विंडोजची जुनी पद्धत लॉगिनच्या वेळी सगळे प्रोफाइल सर्व्हरवरून यंत्रात उतरवून घेई आणि बाहेर पडताना परत पाठवी. प्रोफाइल फुगले की लॉगिनला दहादहा मिनिटे लागत. मध्येच जोडणी तुटली तर ते बिघडे. आता सर्रास वापरली जाणारी पद्धत एफएसलॉजिक्सची आहे; ही कंपनी मायक्रोसॉफ्टने २०१८मध्ये विकत घेतली. तिच्यात माणसाचे संपूर्ण प्रोफाइल एका आभासी डिस्क-फाइलमध्ये बंद असते. ती फाइल नेटवर्कवरच्या सामायिक साठ्यात राहते आणि लॉगिनच्या क्षणी यंत्राला डिस्कसारखी जोडली जाते. काहीच उतरवावे लागत नाही, आणि विंडोजला ते प्रोफाइल जागच्याच डिस्कवर आहे असे वाटते.

सकाळी साडेनऊला एका लिपिकाने नाव आणि पासवर्ड टाकला, की काय घडते ते पाहिले म्हणजे पूलची सगळी यंत्रणा एका रांगेत दिसते. आधी ब्रोकर, म्हणजे वाटप करणारा सर्व्हर, ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे संस्थेच्या खात्यांच्या नोंदवहीत, त्याची ओळख तपासतो. मोबाइलवर दुसरी खात्री मागितली जाते. मग तो माणूस कोणत्या गटांत आहे आणि त्या गटांना कोणते पूल दिले आहेत हे पाहून यादी दाखवली जाते. लिपिक त्यातल्या एकावर क्लिक करतो. ब्रोकर मोकळे, चालू आणि निरोगी यंत्र निवडतो आणि जोडणी करून देतो. यंत्रात प्रोफाइलची डिस्क जोडली जाते. मग ग्रुप पॉलिसी, म्हणजे संस्थेने ठरवलेले नियम, एकामागून एक लागू होतात, नेटवर्कवरची फोल्डर जोडली जातात, प्रिंटर येतात, आणि शेवटी डेस्कटॉप दिसतो. हे सारे अर्ध्या मिनिटाच्या आत व्हावे असे उद्दिष्ट ठेवायला हवे. लॉगिन संथ असल्याची तक्रार आली की दोष बहुधा प्रोसेसरचा नसतो. वर्षानुवर्षे साठत गेलेल्या पॉलिसी, बंद पडलेल्या सर्व्हरकडे बोट दाखवणारी फोल्डर-जोडणी, आणि तिसऱ्या मजल्यावरून कधीच हलवलेला प्रिंटर हे खरे गुन्हेगार असतात. विषाणूरोधक प्रोफाइलची डिस्क-फाइल प्रत्येक वेळी तपासत बसणार नाही, अशी सूट द्यायलाही विसरू नये.

प्रोफाइलच्या डिस्कला मर्यादा घालावी लागते. एफएसलॉजिक्सची मूलभूत मर्यादा सुमारे ३० जीबी आहे. आउटलुकचा स्थानिक साठा आणि वनड्राइव्ह ती भराभर भरतात. फाइली मागणीनुसारच उतरतील अशी वनड्राइव्हची सोय चालू ठेवली तर भार हलका होतो. आणखी एक गोष्ट: ही डिस्क साधारणपणे एका वेळी एकाच यंत्राला लिहिता येते. एकाच माणसाला दोन पूलमध्ये एकाच वेळी शिरू द्यायचे असेल, तर त्याचा विचार आधी करावा लागतो. नाहीतर दुसऱ्या पूलमध्ये त्याला कोरे, तात्पुरते प्रोफाइल मिळते आणि आपले सगळे गेले या समजुतीने तो घाबरतो.

आता यंत्रांची संख्या. इथे कर्मचाऱ्यांची एकूण संख्या उपयोगी नाही, एकाच वेळी आत असणाऱ्यांची हवी. समजा एका कंपनीच्या ग्राहकसेवेत तीन पाळ्यांत मिळून ३०० जण आहेत आणि सर्वांत मोठ्या पाळीत १३० जण असतात. मग १३० यंत्रे पुरतील असे वाटते. पण पाळी बदलताना अर्धा तास जाणारे आणि येणारे दोघेही आत असतात. पुढच्या पाळीत ९० जण असतील तर त्या अर्ध्या तासात २२० यंत्रे लागतात. त्यावर दहा टक्के शिल्लक धरली की आकडा २४०च्या आसपास येतो. प्रत्येक यंत्राला ८ जीबी मेमरी दिली तर एकूण १९२० जीबी होते. १ टीबी मेमरीचे दोन सर्व्हर जेमतेम पुरतात, आणि एक बंद पडला तरी काम चालावे म्हणून तिसरा लागतो. तिसरा सर्व्हर खरेदीच्या कागदावर पहिल्यांदा छाटला जातो. तो छाटू देऊ नये. टेबलावरचा एक संगणक बिघडला तर एक माणूस थांबतो. इथे एका सर्व्हरसोबत शंभर जण थांबतात.

सगळी २४० यंत्रे रात्रंदिवस चालू ठेवण्याचे कारण नाही. पूलमध्ये तीन आकडे भरतात: कमाल यंत्रे, नेहमी चालू ठेवायची किमान यंत्रे, आणि कोणी येण्याआधीच तयार ठेवायची राखीव यंत्रे. तिसरा आकडा कमी पडला की पाळीच्या तोंडावर गर्दी उसळते. शंभर यंत्रे एकदम सुरू होऊ लागली, की सगळी मिळून साठवणुकीवर तुटून पडतात आणि कोणाचेच काम पुढे सरकत नाही. जाणकार याला बूट स्टॉर्म म्हणतात. कामाची वेळ ठाऊक असल्याने उपाय सोपा आहे: पाळीच्या अर्धा-पाऊण तास आधी थोडी थोडी यंत्रे जागी करायची. विषाणूरोधकाची संपूर्ण तपासणीही सर्व यंत्रांवर एकाच वेळी लावली तर असेच वादळ येते.

क्लाउडमध्ये चालू यंत्राचे तासागणिक पैसे पडतात, त्यामुळे तिथे वाटपाची रीत महत्त्वाची ठरते. अझ्युरच्या सामायिक पूलमध्ये दोन रीती आहेत. एकीत येणारा प्रत्येक जण सर्वांत कमी गर्दीच्या यंत्रावर पाठवला जातो. सर्वांना मोकळे वाटते, पण सगळी यंत्रे चालू राहतात. दुसरीत एक यंत्र ठरलेल्या मर्यादेपर्यंत भरल्यावरच पुढचे उघडते. उरलेली बंद ठेवता येतात. गर्दीच्या वेळी पहिली आणि संध्याकाळी दुसरी, असे वेळापत्रक लावता येते. रात्री कोणी अवचित आलाच, तर त्याच्या जोडणीसरशी यंत्र सुरू होण्याची सोयही आहे. त्याला काही मिनिटे थांबावे लागेल एवढेच.

सत्र कधी संपवायचे हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण पूलची अर्धी क्षमता त्यावर अवलंबून असते. बाहेर पडणे आणि जोडणी तुटणे यांत फरक आहे. खिडकी नुसती बंद केली तर आतले सत्र तसेच जिवंत राहते, उघडी फाइल उघडीच असते. घरून काम करणाऱ्याची वीज गेली, मोबाइलचे नेट तुटले, तर हीच गोष्ट वरदान ठरते: पुन्हा जोडले की कर्सर जिथे होता तिथेच. पण घरी गेलेल्या माणसांची सत्रेही तशीच उरली, तर पूल संध्याकाळपर्यंत भुतांनी भरून जातो. ग्राहकसेवेला तुटल्यानंतर अर्धा तास पुरतो. लेखा विभागाला निदान दोनतीन तास द्यावेत, कारण न साठवलेला ताळेबंद पुसला गेला तर पूलवरचा विश्वास कायमचा उडतो. ज्यांचे प्रोग्राम रात्रभर चालतात त्या नेमून दिलेल्या यंत्रांवर मुदत लावूच नये.

पूल माणसांना देताना नावे एकेक करून घालू नयेत. गट करावा आणि गटाला पूल द्यावा. नवा माणूस गटात आला की त्याला डेस्कटॉप मिळतो, बदली झाली की आपोआप जातो. त्याच जागी सुरक्षेचे नियम ठरतात: आतले बाहेर कॉपी करता येईल का, यूएसबी जोडता येईल का, घरच्या प्रिंटरवर छापता येईल का. सरसकट सगळे बंद करण्याकडे सुरक्षा विभागाचा कल असतो आणि आपल्याकडे तो लगेच अडखळतो, कारण जीएसटी किंवा कंपनी कायद्याची विवरणपत्रे भरणाऱ्याची डिजिटल सही यूएसबी टोकनमध्ये असते. ते टोकन आभासी यंत्राला दिसलेच पाहिजे आणि त्याचा ड्रायव्हर मूळ प्रतीत असलाच पाहिजे. अशा दहाबारा जणांसाठी टोकनपुरती सूट असलेला वेगळा गट करावा, सगळ्या संस्थेचे दार उघडू नये. बँकांच्या पासबुक छापणाऱ्या प्रिंटरचीही अशीच स्वतंत्र परीक्षा घ्यावी लागते.

यंत्रे वापरणाऱ्यांपासून किती दूर आहेत हेही पाहायचे. कळ दाबल्यापासून अक्षर दिसेपर्यंत संदेशाला डेटा सेंटरपर्यंत जाऊन परत यावे लागते. ही फेरी दीडशे मिलिसेकंदांच्या आत असावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. पुढे टंकनात रेंगाळ जाणवू लागते. मायक्रोसॉफ्टचा मध्य भारत विभाग २०१५पासून पुण्यात आहे आणि ॲमेझॉनचा २०१६पासून मुंबईत, त्यामुळे राज्यातल्या वापरणाऱ्यांना जवळचा पूल मिळू शकतो. अमेरिकेतल्या ग्राहकासाठी तिथलाच पूल वापरावा लागत असेल, तर यंत्राचा कालविभाग वापरणाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे चालेल अशी सेटिंग चालू करावी. नाहीतर पुण्यातल्या माणसाच्या बैठका कॅलेंडरमध्ये भलत्याच वेळी दिसतात. परवान्यांचा हिशेबही याच टप्प्यावर पक्का करावा. आभासी यंत्रात विंडोज वापरण्याचा हक्क लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजमध्ये धरलेला नसतो.

पूल तयार झाल्यावर तो आधी वीसेक जणांना द्यावा. त्यात तक्रार करणारे लोक मुद्दाम घ्यावेत. संगणक विभागाच्याच मंडळींवर केलेली चाचणी फारशी कामाची नसते, कारण अडचण आली तर ते स्वतःच वाट काढतात आणि ती अडचण कुठे नोंदली जात नाही. एक संपूर्ण महिनाअखेर या गटावरून गेली की मग विभागावार विस्तार करावा.

पुढचे रोजचे काम मूळ प्रतीभोवती फिरते. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेची अपडेट काढते. ती फिरत्या पूलमधल्या यंत्रांत टाकायची नसतात. मूळ प्रत चालू करून तिच्यात टाकायची, तपासायचे, नवा स्नॅपशॉट घ्यायचा आणि पूलला त्याच्याकडे वळवायचे. ज्याचे सत्र संपेल त्याच्या जागी नव्या साच्याचे यंत्र उगवते; कोणाला मध्येच उठवावे लागत नाही. दोन दिवसांत सारा पूल नवा होतो. काही बिघडले तर मागच्या स्नॅपशॉटकडे परत जायचे, म्हणून निदान दोन जुने स्नॅपशॉट तारखेसह व टिपणासह जपावेत. या सोयीची दुसरी बाजू अशी, की मूळ प्रतीतली एक चूकही तितक्याच झपाट्याने सगळ्यांपर्यंत पोचते. त्यामुळे वीस जणांचा चाचणी पूल कायम ठेवून प्रत्येक नवी प्रत आधी तिथे दोनतीन दिवस चालवणे हाच शहाणपणाचा रस्ता आहे.

चालू पूलवर लक्ष ठेवताना लॉगिनला लागणारा वेळ, मोकळ्या यंत्रांची संख्या, साठवणुकीचा प्रतिसाद आणि तुटलेल्या सत्रांची संख्या एवढे चार आकडे रोज पाहिले तरी बहुतेक दुखणी वेळेत कळतात. दर तिमाहीला नेमून दिलेल्या यंत्रांची यादी काढावी. नव्वद दिवसांत कोणी उघडलेले नाही अशी यंत्रे तिच्यात नेहमी सापडतात. नोकरी सोडून गेलेल्यांच्या प्रोफाइल डिस्क लेखापरीक्षणाने ठरवलेल्या मुदतीपर्यंत जपून नंतर काढाव्यात, नाहीतर सामायिक साठा त्यांनीच भरतो. सबंध पूलच मोडीत काढायचा असेल तर आधी नवी लॉगिन थांबवावीत, उघडी सत्रे संपू द्यावीत, यंत्रे पूलच्या खिडकीतूनच नष्ट करावीत, आणि मग ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या त्यांच्या नोंदी, डीएनएसमधली नावे व डीएचसीपीचे पत्ते साफ करावेत. थेट हायपरव्हायझरमध्ये जाऊन यंत्रे पुसली तर ब्रोकरच्या डेटाबेसमध्ये त्यांची नावे उरतात, आणि तीच नावे वापरणारा पुढचा पूल उभा राहताना अडून बसतो.